बाहेर जाऊ द्यायचं

ऑफिसात त्यांना सगळे थोडक्यातराव म्हणत. समोरचा माणूस बोलायला लागला, की दुसऱ्या वाक्यालाच ते हात वर करून म्हणायचे, "थोडक्यात सांगा." तिसऱ्या वाक्याला त्यांची नजर घड्याळाकडे वळायची, आणि चौथं वाक्य त्यांनी आजवर कोणाचंच ऐकलेलं नव्हतं. लग्नानंतरची काही वर्षं बायकोने प्रयत्न करून पाहिला. मग तीही मुद्द्यावर आली. "दूध. गॅस. शाळेची मीटिंग." संसार सुरळीत चालला होता. निदान थोडक्यातरावांचा तसा समज होता, आणि तो दूर करायला बरीच वाक्यं लागली असती.

धंदा त्यांचा डेटा हलवण्याचा. एखाद्या संस्थेने संगणकातली जुनी सिस्टीम टाकून नवी घेतली, की जुनीतली माहिती उचलायची आणि नवीत नेऊन नीट लावून द्यायची. घरातलं सामान हलवतात तसंच हे काम. फरक एवढाच, की सामानवाल्याने कपाट अर्धं कापून आणलं तर घरभर बोंब होते, आणि इथे महिनामहिना कोणाच्या लक्षात येत नाही. थोडक्यातरावांना म्हणूनच हे काम आवडायचं.

त्यांची आत्या एका वृद्धनिवासात राहत होती. आई लहानपणीच गेल्यामुळे या आत्यानेच त्यांचं सगळं केलं होतं. तिचा जन्म गेला दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून. समोर माणसं तोंड उघडून बसायची आणि बोलायची मात्र हीच, त्यामुळे मध्ये कोणी तोडण्याची तिला सवयच नव्हती. थोडक्यातराव तिला नियमाने फोन करायचे. "आत्या, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? रविवारी येतो." आत्या "अरे, इथे काय झालं माहितीये..." म्हणेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. रविवार तेवढे यायचे. ते कुठे जाणार?

वृद्धनिवास चांगला होता. तीन मजली इमारत, लांबलचक व्हरांडे, भिंतीला धरायला लाकडी कठडे. प्रत्येक दारावर नावाची पाटी आणि शेजारी फोटो, म्हणजे नाव विसरलेल्याला निदान आपला चेहरा ओळखून खोलीत शिरता यावं. समोर वाहता रस्ता, आणि रस्त्यापलीकडे शाळेचं फुटबॉलचं मैदान.

व्यवस्थापकांना प्रगती फार आवडायची. नळ दुरुस्त होवो न होवो, स्वागतकक्षात प्रगतीचा फलक मात्र दर महिन्याला बदलायचा. त्यांनी नवी सिस्टीम घेतली, मदतनीस बायकांच्या हातात एकेक टॅब दिला, आणि जुनी माहिती हलवायचं काम थोडक्यातरावांच्या गळ्यात घातलं. आत्याला वर्षभरापूर्वी उजेडाची खोली दिली होती ना, त्याची ही आठवण.

माहितीत सगळ्यात अवघड जागा होती 'सूचना' नावाची. प्रत्येक रहिवाशाला कसं वागवायचं, काय करू द्यायचं, काय नाही, हे तिथे लिहिलेलं असायचं. औषधं आणि पथ्यं वेगळ्या कप्प्यात होती, हे सगळ्यांचं नशीब. सूचना लिहायच्या मोठ्या सिस्टर. पंचवीसएक वर्षांची नोकरी, भरदार आवाज, आणि एखादी गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय सांगितल्यासारखी वाटत नाही असा स्वभाव. कोणाला संध्याकाळी कॉफी द्यायची नाही एवढं लिहायचं असलं, तरी सिस्टर सुरुवात करायच्या त्याच्या नोकरीतल्या रात्रपाळीपासून.

"सिस्टर, हे एवढं कोण वाचणार?" थोडक्यातरावांनी एकदा विचारलं होतं.

"ज्याला माणूस सांभाळायचाय तो वाचेल."

"थोडक्यात लिहिता येणार नाही का?"

"येईल की. 'माणूस आहे, जपून.' चालेल?"

थोडक्यातरावांना खरं तर ते चाललं असतं.

माहिती हलवायची ठरली शुक्रवारी. सिस्टर त्याच दिवशी आठवडाभराच्या रजेवर गेल्या. भाचीचं बाळंतपण होतं. व्यवस्थापकांनी त्यांना इतक्या प्रेमाने रजा मंजूर केली, की सिस्टरना संशयच यायला हवा होता.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. नावं गेली, वयं गेली, फोटो गेले. सूचनांपाशी मात्र घोडं अडलं. पडद्यावर लाल चौकट आली: मजकूर जागेपेक्षा लांब आहे, कापून पुढे जायचं का?

थोडक्यातरावांना नवल वाटलं. नव्या सिस्टीममध्ये या जागेत अडीचशे अक्षरं मावतात, हे त्यांनी आधीच तपासलं होतं. तपासताना इंग्रजी 'ए' हे अक्षर अडीचशे वेळा भरून पाहिलं होतं, आणि ते छान मावलं होतं. पण सिस्टीमला आपल्या लिपीतलं एक अक्षर इंग्रजीतल्या तीन अक्षरांइतकं जड पडतं. म्हणजे अडीचशेच्या जागेत आपली जेमतेम ऐंशी मावणार. आणि सिस्टरच्या ऐंशी अक्षरांत तर अजून रहिवाशाचा स्वभावही धड सांगून झालेला नसायचा.

जागा वाढवता आली असती. त्यासाठी सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं, त्यांनी बैठक लावायची, बैठकीत प्रत्येकाने आपलं मत मांडायचं. थोडक्यातरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी व्यवस्थापकांना फोन लावला.

"साहेब, सूचना थोड्या कापल्या जातील."

"महत्त्वाचं काही जाईल का?"

"फक्त शेवटचा भाग जाईल."

"मग जाऊ द्या. महत्त्वाचं कोणी शेवटी लिहितं का?" व्यवस्थापक म्हणाले. "पुढच्या रविवारी विश्वस्त येतायत. त्यांना सिस्टीम चालू दिसली पाहिजे. बाकी तुम्ही बघून घ्या."

थोडक्यातरावांनी बघून घेतलं. 'सगळ्यांना लागू' असं म्हणणाऱ्या चौकोनात खूण केली, 'हो' दाबलं, आणि चहा संपायच्या आत काम संपलं. आपल्या भाषेत माणूस सगळं बोलून झाल्यावर शेवटी 'नाही' म्हणतो, हे जन्मभर ती भाषा बोलूनही त्यांना त्या घटकेला सुचलं नाही. जुना संगणक व्यवस्थापकांनी शनिवारी सकाळीच भंगारात देऊन टाकला. प्रगती म्हटल्यावर मागे काय बघायचं! माहितीची एक प्रत जवळ ठेवावी, असं थोडक्यातराव दुसऱ्यांना नेहमी सांगायचे. सांगून सांगून त्यांना ती आपण ठेवतोच असं वाटायला लागलं होतं.

सोमवारपासून बायका टॅब घेऊन फिरू लागल्या. त्यांच्यात एक नवीन आलेली होती. आधी ती वीस वर्षं एका गोदामात माल तपासायला होती, त्यामुळे लिहिलेलं असेल तेच खरं, हा तिचा बाणा. बाकीच्यांनी दोन दिवसांत तिचं नाव नियमबाई ठेवलं. तिला रहिवाशांची आधीची ओळख नव्हती, म्हणून तिचं कुठे अडलंही नाही.

पहिला फायदा झाला तिसऱ्या मजल्यावरच्या बँडमास्तरांना. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "मास्तरांचा कर्णा कपाटात वर ठेवलेला आहे. त्यांनी मागितला की तो त्यांना काढून द्यायचा". नियमबाईने काढून दिला. आठवडाभर तिसरा मजला पहाटे कर्ण्याने उठला. शेजारच्या खोलीतल्या कमी ऐकू येणाऱ्या आजी तेवढ्या खूश होत्या. त्यांना वाटलं आपले कान सुधारले.

एका बाई आयुष्यभर खानावळ चालवत आल्या होत्या. त्यांना स्वयंपाकघरात "जाऊन हवं ते करू द्यायचं" असं निघालं. बुधवारपर्यंत त्यांनी आचाऱ्याला कांदा चिरायला बसवलं आणि गुरुवारी त्याने राजीनामा लिहिला. काही सूचना तर मधेच तुटल्या होत्या. नुकत्याच राहायला आलेल्या एका निवृत्त वकिलांच्या नावापुढे फक्त एवढंच राहिलं होतं: "वकीलसाहेबांचं घराणं मोठं, वाचन दांडगं, स्वभावानेही तसे फार चांगले आहेत, पण". त्या 'पण'पुढे काय असेल या विचाराने सगळ्या बायकांची पाचावर धारण बसली. त्या वकीलसाहेबांच्या खोलीत दोघीदोघींनी जाऊ लागल्या. वकीलसाहेब बिचारे दरवेळी हसून स्वागत करायचे, त्यामुळे भीती आणखी वाढली.

तक्रारी झाल्या, नाही असं नाही. पण त्या लिहायची जागाही नव्या सिस्टीममध्ये तेवढीच होती, आणि माणसं तक्रारसुद्धा मुळापासून सांगतात. व्यवस्थापकांच्या पडद्यावर आलं ते एवढंच: "इतकी वर्षं मी इथे राहतोय, सगळं व्यवस्थित होतं, जेवण चांगलं, बायका प्रेमळ". त्यांनी ते छापून फलकावर लावलं.

रविवारी विश्वस्त आले. सिस्टीम दाखवायला थोडक्यातरावांनाही बोलावलं होतं. गाडी लावायची सोय मागच्या बाजूला होती, म्हणून ते मागच्या दारानेच आत शिरले आणि जिन्याने वर व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी आत्याला फोनवर नेहमीप्रमाणे "रविवारी येतो" म्हटलं होतं. आज आलोच आहोत तर काम झाल्यावर दोन मिनिटं डोकावू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि त्या ठरवण्यावरच त्यांना बरं वाटलं.

विश्वस्तांच्या अध्यक्षबाई चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या. मागे भिंतीशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, रजेवरून सकाळीच परतलेल्या. टॅबला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

"दाखवा बघू एखाद्याची माहिती," अध्यक्षबाई म्हणाल्या.

थोडक्यातरावांनी बटण दाबलं. अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचलं, "वकीलसाहेबांचं घराणं मोठं, वाचन दांडगं, स्वभावानेही तसे फार चांगले आहेत, पण." त्या थांबल्या. "पण काय?"

"नवी पद्धत संक्षिप्त आहे, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले.

"ते दिसतंय. पण 'पण' काय?"

"पण त्यांना झोपेतून उठवताना हात लावायचा नाही, दचकतात," मागून सिस्टर म्हणाल्या. "ते कुठे गेलं?"

"पुढचं दाखवा," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

पुढचे निघाले पंच. फुटबॉलच्या सामन्यांत उभं आयुष्य शिट्टी फुंकलेले उंच, ताठ गृहस्थ. पाय अजून धडधाकट होते, स्मरण मात्र येऊन जाऊन असायचं. अध्यक्षबाई वाचू लागल्या, "समोरच्या मैदानावर शिट्टी वाजली की पंच लगेच उठतात, तेव्हा त्यांना बाहेर जाऊ द्यायचं."

"द्यायचं नाही!" सिस्टर इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या विश्वस्तांच्या कपातली कॉफी बशीत आली. "जाऊ द्यायचं नाही! माझा 'नाही' कोणी खाल्ला?"

कोणी काही बोलायच्या आत खिडकीतून शिट्टी ऐकू आली. लांब, खणखणीत. रविवार होता, शाळेचा सामना सुरू होत होता.

सिस्टर जिन्याकडे धावल्या. त्यांच्यामागे थोडक्यातराव, त्यांच्यामागे व्यवस्थापक. खाली स्वागतकक्षात नियमबाई दार अर्धं उघडं धरून उभी होती, एखादं काम चोख केल्यासारखी.

"पंच कुठे आहेत?"

"गेले की. शिट्टी वाजली, मी दार उघडलं. लिहिलंय तसं."

"एकटे?"

"छे. आत्या होत्या ना इथे, त्या गेल्या सोबत."

थोडक्यातराव पुढे झाले. "आत्या? आत्या इथे काय करत होती?"

"तुमची वाट बघत होत्या," नियमबाई म्हणाली. "सकाळपासून नटूनथटून दाराशी बसल्या होत्या. तुमचा निरोप मीच दिला. तेही लिहिलेलंच आहे. 'आत्यांचा भाचा फोनवर रविवारी भेटायला येतो म्हणाला, की ते आत्यांना लगेच जाऊन सांगायचं.'"

"सांगायचं नाही!" सिस्टर कपाळावर हात मारत म्हणाल्या. मग थोडक्यातरावांकडे वळल्या, आणि त्यांचा तो भरदार आवाज एकदम खाली आला. "तुम्ही येतो म्हणता. फोन आमच्या मुली उचलतात, तेव्हा त्यांनाही येतो म्हणून सांगता. आत्यांना फोनवर कधी नीट ऐकू येतं, कधी येत नाही. जेव्हा येत नाही तेव्हा आम्ही सांगत नव्हतो. कारण सांगितलं की त्या ठेवणीतले कपडे काढतात, पावडर लावतात आणि या खुर्चीत येऊन बसतात. जेवायलाही उठत नाहीत. आणि तुम्ही काही येत नाही. मग त्यांना वर नेताना आमच्या मुलींना रडू येतं. म्हणून मी लिहिलं होतं."

थोडक्यातरावांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हात वर केला नाही. आपण मागच्या दाराने आलो हे त्यांना आठवलं, आणि ते कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

बाहेर रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. सगळ्यात पुढे एका टँकरचा ड्रायव्हर दार उघडून पायरीवर उभा होता.

"इथून एक म्हातारे गृहस्थ गेले का? सोबत बाई?" थोडक्यातरावांनी धापा टाकत विचारलं.

"गेले म्हणजे? मधोमध उभे राहिले! हात वर केला, मी करकचून ब्रेक मारला. गाडीचं नाक त्यांच्या छातीपासून एवढं लांब होतं बघा." त्याने वीतभर अंतर दाखवलं. "आणि वर मलाच, कार्ड दाखवावं तसा, पिवळा रुमाल दाखवला. बाई म्हणाल्या, आता आणखी एकदा केलंत तर थेट बाहेर जाल. कुठल्या बाहेर? मी बाहेरच आहे!"

थोडक्यातराव त्या वीतभर अंतराकडे बघत राहिले. हसू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आलं नाही.

मैदानावर सामना रंगात आला होता. शाळेचे खेळशिक्षक रेषेबाहेर बाटलीने पाणी पीत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसत होती. सामना सुरू होताच दोन्हीकडच्या पालकांनी त्यांना फैलावर घेतलं होतं. तेवढ्यात एक ताठ म्हातारबुवा आत आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "शिट्टी." शिक्षकांनी क्षणाचाही विचार न करता देऊन टाकली. त्यानंतर पंचांनी एका मुलाला समज दिली, एक पेनल्टी दिली, आणि फार ओरडणाऱ्या एका बापाला मैदानाबाहेर काढलं. तो आता फाटकाबाहेर उभा राहून मुकाट्याने सामना बघत होता. रोज सकाळी आपली चप्पल कुठली हे न ओळखणारे पंच कोणता खेळाडू कुठे आहे, हे न बघता सांगत होते.

आत्या बाकावर बसली होती. अंगावर ठेवणीतले कपडे, गळ्यात मोत्यांची माळ, मांडीवर पंचांचा कोट घडी करून ठेवलेला.

थोडक्यातराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.  "आत्या, चुकलं माझं," ते म्हणाले. "तू माझी वाट बघत बसलीस..."

"बाजूला हो, दिसत नाही," आत्या म्हणाली.

ते बाजूला झाले. मग शेजारी बसले. "सिस्टरांनी सांगितलं सगळं. मी येतो म्हणतो, तू तयार होऊन दाराशी बसतेस, जेवत नाहीस..."

आत्याने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाताच्या डॉक्टरांकडे आलेल्या भित्र्या माणसाकडे ती कशी बघत असेल, ते थोडक्यातरावांना पहिल्यांदा कळलं.

"अरे खुळ्या, तुझी वाट बघायला मला काय वेड लागलंय?" ती म्हणाली. "तू येत नाहीस हे मला ठाऊक नाही? सबंध इमारतीला ठाऊक आहे. पण हे रविवारी सकाळी दाराशेजारच्या खुर्चीत बसतात. शिट्टी ऐकू यावी म्हणून. आता म्हाताऱ्या बाईने उगाच नटून दाराशी जाऊन बसलं तर वरच्या मजल्यावरच्या बायका काय म्हणतील? भाचा येणार आहे म्हटलं, की कोणी काही विचारत नाही."

"आणि जेवण?"

"हे उठत नाहीत, म्हणून मीही उठत नाही. एकीने डबा खाली आणून दिला असता तर काय बिघडलं असतं? पण ती सिस्टर! मला हाताला धरून वर नेते आणि डोळे पुसते. मध्यंतरी तर तुझा निरोपच देईनाशी झाली. माझे किती रविवार गेले."

थोडक्यातरावांना वाटत होतं, आपल्याला हलकं वाटायला हवं. एवढा मोठा दोष अंगावरून उतरला होता. पण आपली कोणी वाटही बघत नव्हतं, हे ऐकून माणसाला जसं हलकं वाटायचं तसंच त्यांना वाटलं.

"ते टँकरखाली आले असते, आत्या," ते हळूच म्हणाले.

आत्याचा चेहरा उतरला. तिने कोटाची घडी पुन्हा घातली. "हो. मी हात धरला होता, पण ओढले गेले रे. ताकद आहे त्यांना. मी डोळेच मिटून घेतले." मग तिने मान वर केली. "दार त्या टॅबात बघून उघडलं. त्यात सूचना भरायचं काम तुझंच ना? नियमबाई म्हणत होती."

"माझंच."

"मग नीट कर."

एवढ्यात अध्यक्षबाई रस्ता ओलांडून मैदानात आल्या. त्यांनी पंचांना पाहिलं, बाकावरची आत्या पाहिली, आणि व्यवस्थापकांकडे वळल्या. व्यवस्थापकांचा रंग उडालेला होता. पण ते मुरलेले होते.

"हाच आमचा नवा उपक्रम, मॅडम," ते म्हणाले. "मुक्त संचार. रहिवाशाला त्याच्या आवडीच्या जगात परत नेणं. नवीन सिस्टीममुळे हे शक्य झालं."

"वा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "जुन्या पद्धतीत हे होत नव्हतं?"

"अजिबात होत नव्हतं," सिस्टर दात आवळून म्हणाल्या. आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी थोडक्यातरावांनी सूचना पुन्हा भरायचं काढलं, तर व्यवस्थापकांनीच हात वर केले. विश्वस्तांनी मुक्त संचाराचं कौतुक लेखी कळवलं होतं. आता त्यात 'नाही' कुठे घालायचे? थोडक्यातरावांनी त्यांना टँकर आणि वीतभर अंतराचं पुरतं वर्णन ऐकवलं. ते इतकं लांबलं, की व्यवस्थापकांनी बसल्या बसल्या परवानगी दिली. जागा वाढवायला कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "एवढंच ना? थांबा. झालं." बैठक वगैरे काही लागली नाही.

पण वाढवलेल्या जागेत भरायचं काय? जुना संगणक भंगारात, प्रत कोणाकडेच नाही. सूचना उरल्या होत्या त्या फक्त सिस्टरांच्या डोक्यात. त्यामुळे थोडक्यातराव रोज संध्याकाळी परिचारिकांच्या खोलीत मोडक्या स्टुलावर बसू लागले. सिस्टर सांगायच्या, ते टाइप करायचे. सिस्टर सुरुवात करायच्या रहिवाशाच्या आजोळापासून. वकीलसाहेब झोपेत का दचकतात, हे ऐकायला एक पूर्ण संध्याकाळ गेली, आणि त्यातलं निम्मं तरी अनावश्यक होतं असं थोडक्यातरावांचं आजही मत आहे. बँडमास्तरांच्या कर्ण्याला मात्र दुपारची वेळ नेमून मिळाली, कारण शेजारच्या आजींनी तो बंद झाल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे न्या म्हणून हट्ट धरला होता. आचारी परत आला. पण कांदा तोच चिरतो.

आत्याची पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लिहा. भाचा येतो म्हणाला की त्यांना सांगायचं नाही. कारण..."

"हे आहे तसंच राहू दे," थोडक्यातराव म्हणाले.

"का?"

थोडक्यातरावांनी का ते सांगितलं. सिस्टर खुर्चीत मागे रेलल्या. मग "पावडर लावून?" एवढंच म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आपण वर्षभर भलत्याच कारणासाठी डोळे पुसले, हे त्यांनी मनावर घेतलं नाही. पंचांच्या नावापुढे त्यांनी सांगितलं ते थोडक्यातरावांनी शब्दन् शब्द लिहिलं. बाहेर जाऊ द्यायचं, पण सोबत धडधाकट माणूस हवा, रस्ता ओलांडताना दोन्ही हात धरायचे, शिट्टी आपल्याजवळ ठेवायची आणि मैदानात पोहोचल्यावरच द्यायची. धडधाकट माणूस कोण, हेही सिस्टरांनी ठरवून टाकलं होतं. वृद्धनिवासाकडे तेवढी माणसं नव्हती, आणि कोणाचा तरी भाचा दर रविवारी येतो म्हणतच होता.

पुढच्या सामन्याला थोडक्यातराव पंचांचे दोन्ही हात धरून रस्ता ओलांडून आले. मैदानात पंचांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातात एक झेंडा दिला आणि सीमारेषेवर उभं केलं. थोडक्यातरावांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऊन चढत गेलं, तसे ते रेषेवर मागेपुढे पळत राहिले. उत्तरार्धात एक मुलगा गोलजवळ एकटाच दिसला, तेव्हा हे नियमात बसत नसावं असं वाटून त्यांनी झेंडा उंच केला. पंचांनी तिकडे एक नजर टाकली, नकारार्थी मान हलवली आणि खेळ चालू ठेवला. गोल झाला. एका बाजूचे पालक थोडक्यातरावांवर तुटून पडले, झेंडा वर केला होता तर गोल होऊच कसा दिला म्हणून. दुसऱ्या बाजूचे, केलाच का म्हणून. बाकावरून आत्या टाळ्या वाजवत होती, आणि त्या कोणासाठी होत्या हे विचारायच्या भानगडीत थोडक्यातराव पडले नाहीत.